भाऊ म्हणजे कोण?

आमच्या ओळीत संघमित्रा खोब्रागडेइतकी खरं बोलणारी बाई दुसरी नाही, आणि खरं बोलूनच तिचं राहतं घर जायची वेळ आली होती.

भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये तिच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत आहे. भिंतीपलीकडे शिलाई मशीन सुरू झालं की मला घड्याळ बघावं लागत नाही, नऊ वाजलेले असतात. ती त्रेचाळीस वर्षांची. जन्मली याच घरात. चोविसाव्या वर्षी लग्न होऊन गोंदियाला गेली आणि तिसऱ्या वर्षी एक सुटकेस घेऊन परत आली. तिच्या वडिलांनी, जानरावांनी, कारण विचारलं नाही. रिक्षातून सुटकेस स्वतः उतरवली आणि "जेवली का?" एवढंच म्हणाले. मी दारात उभी होते, म्हणून सांगते.

पुढे तिची आई गेली आणि बापलेक दोघंच उरले. जानराव इथल्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर कामाला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी हे क्वार्टर लायसनवर, म्हणजे कंपनीला भाडं भरून, ठेवून घेतलं, आणि संघमित्राने व्हरांड्यात मशीन मांडलं. तीन गल्ल्यांतले शाळेचे ड्रेस तिच्याकडे असतात. कोणी लग्नासाठी ब्लाउजचं कापड आणलं तर "हा रंग तुमाले शोभत नाही" असं तोंडावर सांगते. बाया फणकारतात, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिच्याकडेच येतात.

जानेवारीत जानराव गेले. कंपनीचा नियम असा की लायसन ज्याच्या नावावर, तो गेला तर त्याच्या घरात राहणाऱ्या बायकोला किंवा मुलाबाळांना क्वार्टर नावावर करून मिळतं. बाकी कोणी असेल तर त्याने खाली करायचं. संघमित्रा एकुलती एक लेक. मी मोठ्या थाटात सांगितलं, "तुहं तं सरळ हाय वं, एक अर्ज टाक अन् मोकळी हो."

आता एक सांगायला हवं. जानरावांना त्या घरात कोणीच बाबा म्हणत नसे. पाच भावंडांत ते थोरले. धाकटे त्यांना भाऊ म्हणायचे, आणि काका-आत्यांच्या मांडीवर बोलायला शिकलेली पोरही भाऊच म्हणायला लागली. शिवाय त्या घरात 'बाबा' म्हणजे भिंतीवरचे बाबासाहेब. ती जागा भरलेली होती. आमच्या भंडारा-गोंदियाकडे याचं कोणाला काही वाटत नाही. माझ्या थोरल्या दिरांना त्यांची नातवंडंसुद्धा भाऊ म्हणतात. पण भिलाईत आम्ही बाहेर हिंदी बोलतो आणि घरात मराठी. चाळीस वर्षं मला वाटत होतं की ही दोन खाती वेगळी आहेत, एकातलं दुसऱ्यात सांडत नाही.

संघमित्राने अर्ज हिंदीत, स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिला: "मेरे भाऊ श्री जानराव खोब्रागडे का निधन हो गया है." मग चौकशीला एक माणूस आला. क्वार्टर कोणाच्या नावावर होतं? "भाऊ के नाम पर." तुम्ही इथे कधीपासून? "बचपन से. भाऊ ने ही तो पाला हमको." त्या बिचाऱ्याने मान हलवून 'भाई' असं लिहून घेतलं. त्याला तरी काय दोष द्यायचा? हिंदीत विचारलं, हिंदीतच ऐकलं.

मार्चमध्ये पत्र आलं. अर्जदार ही मृताची बहीण असल्याने क्वार्टर नावावर होऊ शकत नाही, तीस दिवसांत खाली करावं, हरकत असल्यास अमुक तारखेला सुनावणीला यावं.

"काकू, मी भाऊची बहीण झाली," ती पत्र पुढे धरून म्हणाली.

मला आधी हसूच आलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी विरलं.

"शाळेच्या दाखल्यावर जानरावाचं नाव हाय ना?"

"हाय. पण आधारवर अजून नवऱ्याचं हाय. अन् अर्जात भाऊ मीच लिवलं ना! माह्याच हातानं."

पुढचे पंधरा दिवस मी तिला बघत होते. ती दुपारी भाड्याच्या खोल्या पाहून यायची. मशीन ठेवू देणारा मालक एकही भेटला नाही. नवीन कापड घेणं तिने बंद केलं. "पुढच्या महिन्यात मी कुठं असंन, मलेच मालूम नाही," असं गिऱ्हाइकांना सांगायची. तिचा राग यायचा मला. एवढंही खरं कशाला बोलायचं? आणि तिच्यासाठी जीव तुटायचा तो वेगळाच.

सुनावणीला मी साक्षीदार म्हणून तिच्या स्कूटीवर मागे बसून गेले. साहेब तरुण होते, बोलायला सभ्य. समोर तीन कागद मांडून म्हणाले, "स्कूल के सर्टिफिकेट में बेटी, आपकी अपनी लिखाई में भाऊ, जाँच में भाई. मैं किसको सही मानूँ? क्वार्टर के लिए लोग नकली रिश्तेदार भी बना लेते हैं."

संघमित्रा समजावू लागली. पण घाबरली की ती भराभर बोलते, आणि प्रत्येक वाक्यात भाऊ. भाऊ ये, भाऊ वो. साहेबांनी हात वर करून तिला थांबवलं आणि माझ्याकडे वळले. "आप पड़ोसी हैं. जानराव जी को जानती थीं?"

"हाँ साहब! चालीस साल. जानराव भाऊ बहुत सीधे आदमी थे."

म्हटलं आणि जीभ चावली. साहेब खुर्चीत मागे टेकले. "लीजिए. ये भी भाऊ बोल रही हैं."

संघमित्राने माझ्याकडे असं पाहिलं की धरणी दुभंगती तर मी आत गेले असते.

तेवढ्यात कपाटाशी फायली लावत असलेले दयाराम हसायला लागले. रिटायरमेंटला आलेले शिपाई, मूळचे आमच्या भंडाऱ्याकडच्या तुमसरचे, हे नंतर कळलं. "साहब, हमारे तरफ बाप को भाऊ बोलते हैं. मैं भी बोलता था."

"अच्छा? तो भाई को क्या बोलते हैं?"

दयारामांनी क्षणभर विचार केला. "उसको भी भाऊ, साहब."

साहेबांना हसू आवरेना. मग त्यांनीच दयारामांना जानरावांची जुनी नोकरीची फाइल काढायला पाठवलं. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात संघमित्राने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. फाइल आली. दवाखान्याच्या सोयीसाठी जानरावांनी घरच्यांची नावं दिलेला एक पिवळा कागद त्यात निघाला. त्यांच्या सहीच्या वर टाइप केलेलं होतं: संघमित्रा, पुत्री, उम्र दो वर्ष.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "लिख दीजिए कि जानराव खोब्रागडे मेरे पिता थे. भाऊ मत लिखिए. क्वार्टर आपके नाम हो जाएगा."

तिने पेन उचललं. 'जानराव खोब्रागडे मेरे' इथपर्यंत भरभर लिहिलं आणि हात थांबला. साहेबांना वाटलं, स्पेलिंग अडलं. पण मला दिसत होतं. त्रेचाळीस वर्षांत तो शब्द तिने त्या माणसासाठी कधी वापरलाच नव्हता. वडील गेले तेव्हा न रडलेली ती पोर त्या टेबलावर हमसून हमसून रडली, मग पदराने कागद टिपला आणि 'पिता' लिहिलं.

बाहेर आल्यावर ती स्कूटी काढेना. नुसतीच सीटवर हात ठेवून उभी राहिली.

"काकू, आज मी त्याले पहिल्यांदा बाप म्हणलं. तो होता तेव्हा एकदा तरी म्हणायले पाह्यजे होतं."

"म्हणली असती तं त्यानं मांगं वळून पाह्यलं असतं," मी म्हटलं, "हे पोरगी कोणाले आवाज देऊन राहिली म्हणून!"

ती इतक्या मोठ्याने हसली की पानठेल्यावरची माणसं बघायला लागली. मग मीही हसले. किती दिवसांनी असं पोटभर हसलो असू आम्ही. घरी येऊन ती दार लोटून झोपली. चार वाजता ब्लाउजचं कापड घेऊन एक बाई आली, तिला मी दारातूनच परत पाठवलं. म्हटलं, उद्या या, निवांत या, ती कुठे जात नाही आता.