दाराशी झोपलेला अजगर

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर चढून माळ्यावरचा हीटर काढत होते. रियाधची हवा नुकतीच फिरली होती. तिचा नवरा दिलीप हॉस्पिटलमधून बोलत होता. "वहिनी, मंगल गेली," एवढंच म्हणाला. ती महिनाभर आजारी होती, तरी असं होईल असं मला वाटलं नव्हतं. मी तशीच हीटर कवटाळून उभी... आणि मनात काय यावं, तर आता ही बाई मला ओरडणार. खिडकीच्या फटी बुजवल्या नाहीत आणि हीटर कसला काढतेस, म्हणून.

आम्ही समोरासमोर राहायचो. ती चिपळूणची. "सौदीत कसली आलीय थंडी," म्हणून सगळे स्वेटर जावेला देऊन आली होती. तिला काय हसायचं, मीही सुती गाऊनांनीच बॅग भरून आणली होती. आपल्याकडून इकडे येणारा प्रत्येक जण हेच करतो आणि पहिल्या डिसेंबरात कुडकुडतो. इथली घरं बांधलीत उन्हाळ्यासाठी. पाय टेकवत नाही अशी फरशी, आणि विंडो एसीच्या कडेकडेने आत घुसणारं वाळवंटाचं वारं. मग खोलीखोलीत हीटर लावायचे आणि बिल आलं की कपाळाला हात.

मग दिलीपच्या कंपनीने घरभाडं आणि विजेचे पैसे देणं बंद केलं. आमच्या बिल्डिंगमधली कुटुंबं तेव्हा एकेक करून परत जात होती. बायकामुलं गावाला, नवरा चारजणांत खोली घेऊन इथे. दिलीपनेही तेच काढलं. मी तिथेच चहा पीत बसले होते, त्यांची लेक केतकी शाळेत गेली होती. तो म्हणाला, "तू आणि केतकी चिपळूणला जा. मी भागवतो इथे." मंगलने कप खाली ठेवला. "खर्च कमी करू. माणसं नाही." विषय संपला. दिलीपने माझ्याकडे पाहिलं. मी कशाला मध्ये पडते!

त्या हिवाळ्यात तिने घराचा कब्जाच घेतला. बेडरूम बंद. गाद्या हॉलमध्ये, जेवण हॉलमध्ये, केतकीचा अभ्यास हॉलमध्ये, आणि अख्ख्या घरात एकच हीटर. एसीच्या फटींत जुन्या चादरींच्या चिंध्या कोंबल्या, फरशीवर सेकंडहँड बाजारातला गालिचा आला. दुपारी पडदे सताड उघडे, ऊन कलायच्या आत बंद. आणि दाराखालच्या फटीसाठी तिने दिलीपच्या जुन्या जीन्सचे पाय कापून एकाला एक जोडले, त्यात चाळलेली वाळू भरली आणि तोंडं शिवून टाकली. चांगला जाडजूड प्रकार झाला. आम्ही त्याला अजगर म्हणायचो. "वाळूला या देशात काय तोटा," असं म्हणत मलाही एक करून दिला.

कुणीही आलं की हॉलच्या दारात एकच हुकूम ऐकू यायचा, "आधी दार लाव, मग बोल." पाहुणा मोठा असो की लहान, अजगर पायाने जागेवर सरकवल्याशिवाय चहा नाही. मी चिडायचे. एकदा माझा हीटर बंद पडला, तेव्हा म्हटलं, कोळशाची शेगडी आणून ठेवू का मध्ये, इथले लोक वाळवंटात पेटवतातच की. तर अशी उसळली! "उघड्यावर पेटव खुशाल. बंद खोलीत कोळसा ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. अक्कल गहाण ठेवलीस काय?" आणि हीटर दुरुस्त होईपर्यंत माझं अंथरूण तिच्याच हॉलमध्ये. काटकसर म्हणजे चिकटपणा, असं मला आधी वाटायचं. पण ती झटत होती ते तीन गाद्या एका खोलीत राहाव्यात म्हणून. आणि त्या राहिल्या. केतकी त्याच हॉलमध्ये अकरावीपर्यंत आली.

गावाला सगळे विधी उरकून बापलेक परत आले, तेव्हा थंडी ऐन भरात होती. मी डबा घेऊन गेले. हॉलचं दार उघडलं आणि तिथेच थांबले. आत दिलीप केतकीला सांगत होता, "परीक्षा झाली की तू आजीकडे जा. मला एकट्याला घर नाही जमायचं." केतकी गालिच्यावर तिसरी गादी घालत होती, आईची. ही पोरगी बापाला नेहमी इंग्रजीत उत्तर देते. "आय ॲम नॉट गोइंग, बाबा," ती म्हणाली. मग उशी ठेवली आणि मराठीत म्हणाली, "माणसं कमी करायची नाहीत." दिलीपने तोंड फिरवलं. मी डबा हातात धरून तिथूनच समजूत घालायला तोंड उघडलं. पाठीमागून गार वारं आत येत होतं.

केतकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, आधी दार लाव. मग बोल."

मी दार लावलं आणि अजगर पायाने जागेवर सरकवला.