बसमध्ये कंडक्टरच नव्हता

हसू नका. मुलुंडहून एकटीच जर्मनीत येऊन आज माझा तिसरा दिवस. सकाळी विद्यापीठात जायला बसमध्ये चढले आणि सुटे पैसे हातात धरून कंडक्टरची वाट बघत बसले. तिकीट यंत्रातून आपणच काढायचं, हे शेजारच्या बाईंनी खुणेने सांगितलं, तोवर माझा स्टॉप मागे गेला होता.

बाबा मुंबईत बस कंडक्टर आहेत. आमच्या घरात ‘विनातिकीट’ म्हणजे शिवीच. उतरल्यावर रडवेली होऊन त्यांनाच फोन केला.

"कंडक्टरच नाही?" ते म्हणाले. "मग कुठे उतरायचं, हे तुला सांगणार कोण गं?"

एकट्याने परदेशी गेलेल्यांनो, तुम्ही सुरुवातीला कोणाला विचारत होतात?