जपाणी रोवणी

माझ्या ब्लॉगवर सातशेच्या वर नोंदी होत्या. बहुतेक मायच्या तोंडच्या. भाताची रोवणी, बोडीतले म्हणजे गावतळ्यातले मासे, बांधावरची भांडणं. ती बोलली तसंच लिहायचो. तिनं ‘पानी’ म्हटलं तर ‘पानी’.

मग ज्या कंपनीच्या सर्व्हरवर हे सगळं होतं, तिचा मेल आला. धंदा बंद करतोय, महिनाअखेरपर्यंत सामान हलवा.

मला ते काम येत नव्हतं. पुण्यातला एक होस्टिंगवाला मिळाला. फोनवर भारी गोड. “सर, तुम्ही फक्त पासवर्ड द्या. बाकी माझ्यावर सोडा.” सोडलं. इथंच चुकलं.

नव्या जागी ब्लॉग उघडला तेव्हा फोटोसुद्धा जागच्या जागी होते. मी खूश. आमच्या गावात, दवनीवाड्यात, तेव्हा डोंगलवर नेट रांगत यायचं, तरी लॅपटॉप घेऊन मायजवळ बसलो आणि वाचायला लागलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. थोडं ऐकून हात थांबला.

“हे कोन बाई होय रे बाबू?”

“तूच तं.”

“मी काऊन अशी बोलीन? मास्तरीन दिसते कोनी. पोथी वाचून राह्यली जशी.”

मी नीट पाहिलं. ‘काऊन’ गेलं होतं, तिथं ‘का’ होतं. ‘येऊन राहिली’चं ‘येत आहे’ झालं होतं. आणि एका नोंदीत ‘जपाणी’ दिसलं. दोरी लावून ओळीत रोवणी करतात, तिला आमच्याकडे जपानी पद्धत म्हणतात. हातानं लिहिताना कोणी तिला ‘जपाणी’ करत नाही. या होस्टिंगवाल्या गड्यानं सगळ्या फाईलमध्ये एका दमात ‘पानी’ शोधून ‘पाणी’ भरलं होतं, त्यात जपानही सापडलं!

तसाच फोन लावला.

“सर, शुद्धलेखनाच्या फार चुका होत्या. डेटा हलवतच होतो, म्हटलं करून टाकू. लोक हसले असते.”

“तुले कोनं सांगतलं होतं?” रागात माझी कॉलेजातली भाषा गळून पडली.

“सर, तुम्ही ग्रॅज्युएट आहात ना?”

आहे. घराण्यातला पहिला. मराठी घेऊनच बी.ए. झालो. ‘पाणी’ कसं लिहायचं ते याच्याकडून शिकायची माझ्यावर वेळ आली नव्हती. त्या एका ‘ण’साठी पहिल्या वर्षाला सरांनी मला वर्गात उभं केलं होतं, सगळा वर्ग हसेपर्यंत. लोक कसे हसतात ते मला कोणी सांगू नये.

“मूळ फाईल दे.”

“तिच्यावरच केलं ना सर. ती आता नाही.”

जुना सर्व्हर बंद व्हायला चार दिवस होते. मी गोंदियाला नेट कॅफेत जाऊन बसलो आणि त्याच्यावरून सगळं परत उतरवायला लावलं. कॅफेवाला वैतागला. “भैया, पूरा नेट खा गये. है क्या इसमें?”

“मेरी माँ है. बहोत बोलती है.”

त्या पुणेकराच्या जागेवर ठेवायचं नव्हतं, म्हणून दुसरी घेतली. तिथं चढवलं तर पहिल्या खेपेला सातशे नोंदींत अक्षरांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या दिवशी कळलं, युनिकोडची एक सेटिंग आधी लावायची असते. लावली. ‘पानी’ आलं. ‘काऊन’ आलं. ‘जपाणी’ शोधून पाहिलं, एकही नाही.

तोवर ती शुद्ध केलेली प्रत लोकांसमोर होती आणि तिच्यावर नऊ प्रतिक्रिया आल्या होत्या. त्या एकेक करून हातानं नव्या जागी उतरवू लागलो. नववी त्याच सरांची होती, ज्यांनी मला वर्गात उभं केलं होतं. ‘भाषा आता पुष्कळ सुधारली. अभिनंदन.’

आठ उतरवल्या.