हिस्टामिनचा थेंब फुगेना!

आमच्या भंडाऱ्याच्या अ‍ॅलर्जी क्लिनिकमधले किस्से आठवत बसावे लागत नाहीत. खाजेसारखं असतं ते. एक खाजवला की शेजारचा जागा होतो! मी इथे टेस्टला मदत करते. बी.एस्सी. झालेय, तरी रोज नव्याने गोंधळते.

आमच्या डॉक्टर मॅडम पेशंटला समजावतात, "हिस्टामिन म्हणजे किल्ली. नाकातल्या कुलपाला लागली की शिंका, कातडीतल्याला लागली की खाज, पोटातल्याला लागली की अ‍ॅसिड. आपली गोळी कुलपात आधीच जाऊन बसते."

करडी गावचे एक काका विचारात पडले. "मंग मॅडम, दारच काढून टाकलं तं?"

मला तर पटलंच होतं!

*

त्याच काकांना अ‍ॅसिडिटीची गोळी दिली, काकूंना खाजेची, गुंगी आणणारी. दोन्ही हिस्टामिनवरच्याच ना, म्हणून घरी अर्धी-अर्धी वाटून खाल्ली!

"पंगतीत बसल्या बसल्या झोपलो जी! वाढप्या माह्यावरून उडी मारून गेला."

"आणि काकू?"

"तिचं पोट एकदम मस्त. फक्त खाजवून राहिली."

*

टेस्टमध्ये हातावर ओळीने थेंब टाकून टोचतात. धुळीचा, झिंग्यांचा, आणि एक खुद्द हिस्टामिनचा. जे बाधतं त्याच्या थेंबाखालची कातडी फुगते; हिस्टामिनचा तर फुगलाच पाहिजे, नाहीतर टेस्ट बाद. हे ऐकून जवाहरनगरचे एक साहेब ओरडले, "जे काढायले आलो, तेच टोचून राहिल्या?"

मी इतकी दचकले की सुई माझ्याच बोटात! बोट मात्र नियमाप्रमाणे फुगलं.

*

पण खरं घाबरवलं पारबताबाईनं. ती नाकाडोंगरीकडे झिंगे विकते. एकदा ओठ सुजले, गाव म्हणालं झिंगेच बाधले. टेस्टमध्ये तसं निघालं तर धंदाच बंद!

टोचलं. सगळे थेंब सपाट. हिस्टामिनचासुद्धा! या बाईच्या अंगात कुलपंच नाहीत की काय?

"मावशी, खाजेची गोळी खाऊन आलात?"

"मंग! डॉक्टरकडे का खाजवत येऊ? बरं दिसते का?"

गोळी बंद करून पुन्हा बोलावलं. या वेळी हिस्टामिनचा थेंब टम्म! मी आनंदाने एवढी किंचाळले की बाहेरचे पेशंट धावत आत आले. झिंग्यांचा थेंब मात्र सपाट. तरी खात्रीसाठी मॅडमनी तिला घरून झिंगे रांधून आणायला लावले, समोर बसवून खाऊ घातले, वाट पाहिली. काही नाही! मग ओठ सुजले कशाने? ते अजून कुणालाच कळलेलं नाही.

"म्हंजे इकू ना झिंगे?"

"खुशाल विका!"

पारबताबाईनं हसत डबा पुढे केला. "घ्या न मॅडम, तुमीबी."

मॅडम खुर्चीसकट मागे सरकल्या. "नको हो. मला झिंगे बाधतात."

पारबताबाईनं कमरेची पिशवी सोडली, उरलेल्या गोळ्या काढल्या आणि मॅडमच्या टेबलावर ठेवल्या.

"घ्या जी. मले आता कायले लागते!"