गुणी बाळ

तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून आमच्या इमारतीत सगळे तिला टाचणीमावशी म्हणायचे. बोललीच तर जीभही टोचायची. तळमजल्यावर एक खोली, एक शिलाई मशीन आणि ती एकटी. नवरा केव्हाच गेला होता. त्याआधी मुलगा गेला, पाळण्यातच. रडायचा नाही म्हणून लोक त्याला गुणी म्हणायचे, आणि तीही कौतुकाने मिरवायची. एका सकाळी तो उठलाच नाही.

वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरीण कामावर जाताना आपली तान्ही लेक मावशीकडे ठेवू लागली आणि मावशीच्या टाचण्या तोंडातून डबीत गेल्या. दिवसभर ती त्या पोरीशी बोलायची. इतकं बोलणं तिच्यात साठलंय, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पोरगीही गुणी. हूं नाही की चूं नाही. मावशीने तिला झबलं शिवलं, वाढतं अंग म्हणून शिवणीत जादा कापड ठेवलं. पण शिवण उसवायची वेळच येईना. दूध पिताना पोरगी थांबायची, धापा टाकायची, पंख्याखालीही कपाळ घामाने डबडबायचं, आणि अर्धी बाटली टाकून ती झोपायची. मावशीने हे सगळं आधी एकदा पाहिलं होतं. बोलावं तर पोरगी हातची जाणार, हेही तिला कळत होतं. टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या. पण शेवटी ती बोललीच.

"मावशी, तुमचं लेकरू गेलं म्हणून माझ्या लेकीत दुखणं शोधता?" एवढं म्हणून आईने पोरीला उचललं.

रागात गेली तरी तिने डॉक्टर गाठला. छातीत वेगळाच आवाज येत होता. तपासणीत हृदयाला छिद्र निघालं. ऑपरेशन दूरच्या शहरात होतं, म्हणून बिऱ्हाडही तिकडेच हललं. मावशीला सांगायला कोणी आलं नाही. गरज सरो, वैद्य मरो, असं मी चिडून म्हणाले. मावशीने सुईत दोरा ओवला. पोरगी जगली की नाही हे विचारायलाही तिच्याकडे पत्ता नव्हता. त्या खोलीत पुन्हा फक्त मशीनचा आवाज यायचा, आणि मला तो ऐकवत नसे.

वर्ष उलटल्यावर ती भाडेकरीण आली. कडेवर गुटगुटीत पोरगी. तिने ती मावशीच्या मांडीवर ठेवली. पोरीने त्या अनोळखी चेहऱ्याकडे पाहिलं आणि असा गळा काढला की जिना दणाणला. आई ओशाळून तिला घ्यायला वाकली.

"राहू दे," मावशी म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते. "रडू दे तिला. पोटभर रडू दे."