न केलेला नवस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, अण्णांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी जेवायला येण्याची शक्यता कमी आहे.

मी वर्तमानपत्रातला माणूस. काय छापायचं आणि काय गाळायचं, यावरच आयुष्य गेलं. फिलिपिन्समधल्या माझ्या सासुरवाडीवर मी एकदा रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला होता. लोकांना आवडला. त्यात सगळं होतं — गोड स्पॅगेटी, तीही सकाळी. ओठांचा चंबू करून दिशा दाखवणारी माणसं. घरोघरी गाणी म्हणायचं यंत्र. शेजारच्या घरी मयत असताना त्याच अंगणात रंगलेला पत्त्यांचा डाव, आणि तिथंही चालूच असलेलं ते यंत्र. सासूबाईंच्या पाया पडायला मी वाकलो, तेव्हा त्यांनी तिथल्या रीतीप्रमाणे आपला हात माझ्या कपाळाला लावायला पुढे केला होता. हात थेट माझ्या नाकावर बसला. हेही लिहिलं. सगळं अचूक होतं.

एक परिच्छेद सोडून.

त्याकडे यायचं आहे. पण आधी आमचं घर सांगायला हवं — की मी वेळ काढतोय? असेलही.

आमचं घर कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, एमआयडीसीच्या अलीकडे. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा नाही, गंडादोरा नाही, नवस नाही. लहानपणी मला टायफॉइड झाला, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, पोरावरून नारळ उतरवून टाका. अण्णा म्हणाले, "आणा की नारळ. पाणी पाजू त्याला. डॉक्टरनी पातळ द्यायला सांगितलंय."

आणि रविवारी आई रक्ती करायची. बकऱ्याचं रक्त, कांदा, लसूण, तिचं तिखट. आज कोल्हापुरात हॉटेलांच्या पाट्यांवर रक्ती-मुंडी ठळक अक्षरात लिहिलेली असते, लोक रांगा लावतात. पण मी कामाला लागलो तेव्हा ऑफिसात डबे उघडले की कुणीतरी सहज विचारायचं, "तुमच्यात काय काय खातात हो?" त्या प्रश्नातला 'तुमच्यात' ज्याला विचारला जातो त्यालाच ऐकू येतो. मी सांगायचो — भाजी, आमटी. कधी चिकन.

पुढे मी दुबईला एका जाहिरात कंपनीत गेलो. खालच्या मजल्यावर एक लॅब होती, तिथं मारिसेल रक्ताचे नमुने घ्यायची. कँटीनमध्ये ओळख झाली. एकदा जेवताना तिनं विचारलं, तुमच्याकडे रक्त शिजवतात का? आमच्याकडे शिजवतात, म्हणाली. टेबलाशी पुण्याचे दोघे बसले होते. मी म्हणालो — छे, आमच्यात नाही.

एवढंच. एका वाक्याची गोष्ट. लग्न होईपर्यंत ते वाक्य मी विसरूनही गेलो होतो.

मारिसेलचं गाव उसाच्या पट्ट्यातलं. बसच्या खिडकीतून गडहिंग्लजला चाललोय असंच वाटत होतं. फक्त उसाच्या पलीकडे समुद्र होता. लग्नानंतर पहिल्यांदाच गेलो होतो, आणि गावची जत्रा होती. माझ्या सासूबाई, सगळे त्यांना नानाय म्हणतात, बाजारात तांदळाचे वाफवलेले पांढरे गोळे विकायच्या. आपल्या छोट्या इडल्याच. बुटक्या, कामसू, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलेलं. जत्रेच्या दुपारी पंधरा-वीस नातेवाइकांसमोर त्यांनी माझ्या पुढ्यात त्या इडल्या ठेवल्या आणि शेजारी एक वाडगा. काळं, दाट, वर हिरवी मिरची. दिनुगुआन, मारिसेल म्हणाली. डुकराच्या रक्तातलं. नानाय हे फक्त जत्रेला करते, आणि तिचा जीव आहे यावर.

लेखात मी लिहिलं होतं : 'ते रक्त आहे हे कळल्यावर माझ्या हातातला चमचा थांबला. संस्कृतीचा धक्का म्हणतात तो हाच.' चमचा थांबला, हे खरं.

पण धक्का? परक्या गोष्टीचा धक्का मी सोसला असता. लेखाला उपयोगी पडला असता. त्या वाफेत व्हिनेगरचा वास होता आणि त्याच्याखाली — आमचा रविवार होता. शिरोलीतलं स्वयंपाकघर. मला तो वाडगा पुसून खायचा होता. आणि खाल्ला असता तर पहिल्याच घासाला मारिसेलला कळलं असतं की हा माणूस हे आयुष्यभर खात आलाय. मग तिनं विचारलं असतं, तेव्हा नाही का म्हणालास? त्याचं उत्तर मी वीस माणसांत तिला काय देणार होतो? एकांतात तरी काय देणार होतो?

पोट बिघडलंय म्हणता आलं असतं. पण ती सबब सकाळीच स्पॅगेटीवर खर्च झाली होती.

मग मी म्हणालो — माझा नवस आहे.

का म्हणालो? मला माहीत नाही. ज्या घरात तो शब्द फक्त चेष्टेसाठी वापरला जायचा, त्या घरातला मी. मारिसेलनं विचारलं, कसला नवस? नानाय त्या धुरकट डोळ्यांनी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, यांच्या डोळ्यांसाठी. आमच्या कोल्हापूरच्या देवीला. डोळे बरे होईपर्यंत रक्ताचं काही खायचं नाही.

कुणी खोटं बोलायला इतकं चुकीचं गाव निवडलं नसेल. त्यांच्याकडेही नवस असतो. पनाआद म्हणतात, आणि तो थट्टेचा विषय नसतो. मारिसेलनं भाषांतर केलं आणि कुणीतरी गाण्याचं यंत्र बंद केलं. मयतालाही जे बंद होत नाही, ते यंत्र. नानाय रडल्या. मग त्यांनी आपल्या पुढ्यातला वाडगा बाजूला सारला आणि सांगितलं — मीही पनाआद करते. त्या देवीसमोर उभी राहून आभार मानीपर्यंत मी हे खाणार नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भोपळा खाल्ला. पुढचे सगळे दिवस मला भोपळाच मिळाला. रविवारी चर्चमध्ये फादरनी प्रवचनात माझा दाखला दिला. सोमवारी शेजारच्या एक बाई येऊन विचारून गेल्या, गुडघ्यासाठीही करता का?

ऑपरेशन उत्तम झालं. डोळे तिथल्या डॉक्टरनं बरे केले. श्रेय कोल्हापूरला मिळालं.

दुबईचं काम संपल्यावर आम्ही शिरोलीला राहायला आलो. येण्याआधी मी आईला फोनवर सांगितलं — घरात रक्ती करू नकोस, मारिसेलला चालत नाही. हेही खोटंच, पण एकदा सुरुवात झाली की मागच्या खोट्याची राखण नव्या खोट्याला करावी लागते. आईनं माझा लेख वाचलेला होता, ती माझं सगळं वाचते. ती "बरं" म्हणाली.

मारिसेल इथल्या एका लॅबमध्ये लागली आणि तिथल्या पेशंटांकडून मराठी शिकली. ती मराठी वर्गात शिकवतात तसली नाही. आणि मग गेल्या वर्षी नानाय आल्या, आपला नवस फेडायला. त्यांनी इतक्या जत्रा दिनुगुआन इतरांना वाढण्यात काढल्या होत्या.

पहिल्याच रात्री जेवताना नानायनी अण्णांचे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागल्या. मारिसेल सांगत होती.

"अण्णा, ती म्हणत्या, तुमच्या लेकानं माझ्या डोळ्यांसाठी देवीला नवस केलता. म्हणून मला दिसतंय."

"कुणी?"

"ह्यानं की."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "केलतास?"

हो म्हटलं तर अण्णा दुखावणार. नाही म्हटलं तर नानाय. मी बराच वेळ स्वतःला असं सांगितलं की पेच हा होता. पेच तो नव्हता. नाही म्हटलं असतं तर मी उघडा पडलो असतो, एवढंच होतं.

"हो," मी म्हणालो.

अण्णांनी तोंडातला घास सावकाश संपवला. "मारी, विहीणबाईंना सांग, सकाळी जाऊ. पावण्या इतक्या लांबनं आल्यात, मी येतो संगं."

अण्णा देवळात आले नाहीत. महाद्वाराबाहेर उभे राहिले. चपला ठेवायची सोय होती, पण नानायनी आपल्या चपला घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात विश्वासानं दिल्या, आणि अण्णांनी घेतल्या. आम्ही बाहेर आलो, तेव्हा त्यांचा एक जुना विद्यार्थी समोर उभा होता.

"सर, तुम्ही हितं?"

"पावण्यांच्या चपला राखतोय."

"आणि पावण्या?"

"ह्या काय, आल्या. आमच्या लेकाचा नवस हुता."

संध्याकाळपर्यंत हे शिरोलीत पोचलं. आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याला अण्णांनी महिन्याभरापूर्वीच रिक्षाला बांधलेली लिंबू-मिरची काढायला लावली होती. तो फाटकाशी येऊन थांबला.

"सर, लिंबू परत बांधू का?"

"बांध," अण्णा म्हणाले. "उन्हाळा हाय. सरबताला हुईल."

मी हसलो. सगळेच हसले. अण्णा विहारातल्या रविवारच्या सभेत अंधश्रद्धेवर बोलायचे, कितीतरी वर्षं. पुढच्या रविवारपासून ते मागच्या ओळीत बसतात. त्यांना कुणी थांबवलेलं नाही.

इथंच थांबलो असतो तरी कबुली पुरेशी झाली असती, नाही का? पण जे सांगायचं आहे, ते अजून हे नाही.

नानायचा नवस फिटला होता. मारिसेलनं आईला सांगितलं, की देवीचे आभार मानीपर्यंत नानायनं काय सोडलं होतं. आई पदराला हात पुसत म्हणाली, "एवढंच व्हय? मग सांगायचं न्हाय का." ती स्वतः मटणाच्या दुकानात गेली. इतक्या वर्षांनी त्या घरात तो वास आला. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

नानायनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "दिनुगुआन." मारिसेलनं चाखलं. आणखी एकदा चाखलं.

"आई, हे तुम्हाला येतंय? ह्यो म्हणालता, तुमच्यात करत न्हाईत."

आईचा वाढणारा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. उत्तर काय द्यायचं ते विचारल्यासारखं.

आणि मी म्हणालो — "आईनं शिकून घेतलं, नानायसाठी. मोबाईलवर बघून."

आईच्या मोबाईलला बटणं आहेत. त्यावर फोन येतो आणि जातो, बाकी काही होत नाही.

"व्हय," आई म्हणाली. "मोबाईलवर बघिटलं. जमलंय का बघा, विहीणबाई."

अण्णा खाली मान घालून जेवत होते. "पयल्यांदाच केल्यागत वाटत न्हाय," ते म्हणाले. मग त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे. त्यांना किती कळलं? नवसाचंही कळलं का? मी विचारलेलं नाही.

नानाय फार खूश झाल्या. फक्त व्हिनेगर राहिलंय, म्हणाल्या, आणि हात धुऊन आईबरोबर स्वयंपाकघरात गेल्या. आई स्वतःच्या शेगडीपाशी हात बांधून उभी राहिली आणि तिच्या आईनं तिला शिकवलेला पदार्थ नानायकडून नव्यानं शिकली. मध्ये मध्ये "असं व्हय" म्हणत होती. कांदा केव्हा घालायचा, हेही तिनं विचारलं.

नानाय परत गेल्या. आता आमच्याकडे रविवारी तो पदार्थ होतो. आई व्हिनेगर घालते. मारिसेल लॅबमधल्या मैत्रिणींना कौतुकानं सांगते, सासूबाई माझ्या माहेरचं किती छान करतात. घरात त्याला सगळे दिनुगुआन म्हणतात. जुनं नाव कुणी घेत नाही.

परवा पलीकडच्या काकूंनी दारातून विचारलं, "वास झकास सुटलाय. काय शिजतंय वो?"

"सुनंच्या माहेरचं हाय," आई म्हणाली.

मी आत ताट घेऊन बसलो होतो. दोनदा वाढून घेतलं.