गिरिजाबाईच्या पाठीवरची चौकोनी बॅग

तुमच्या बॅगेत काय आहे, असं भरल्या गाडीत, चाळीस माणसांच्या देखत तुम्हाला कधी कुणी विचारलंय? नसेल विचारलं. तुमच्या बॅगेत लॅपटॉप असतो, डबा असतो, लग्नाला नेसायची साडी असते. त्याला वास नसतो.

गिरिजाबाईला विचारलं. तिनं तोंड उघडायच्या आत घंटी वाजली, गाडी थांबली आणि राजूरच्या अलीकडं, जिथं सावलीला धड एक झाड नाही, तिथं तिला गोणीसकट उतरवलं.

कंडक्टरची पण बाजू सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकतर्फी लिहितो. गोणी युरियाची होती. तिच्यात गळ, गळाला बांधायचा नायलॉनचा तंगूस, शिशाचे मणी आणि दोन लाकडी रीळ होते. बावीस वर्षांचा चिलापी आणि मरळ माशांचा वास त्या गोणीच्या धाग्याधाग्यात बसलेला. वर एक गळ गोणीतून बाहेर आला आणि शेजारणीच्या पदरात घुसला. ती बाई किंचाळली. "मावशी, हाफ तिकिटात पुरी गाडी नासवता का?" कंडक्टर म्हणाला आणि गाडी हसली. पदर फाटला त्याचं गिरिजाबाईला वाईट वाटलं. हसण्याचं वाटलं नाही. हसणाऱ्यांची तोंडं मात्र तिनं एकेक करून ध्यानात ठेवली.

ती त्या दिवशी हौसेनं निघाली नव्हती. धावड्याजवळच्या एका गावात भोयांची पंधरा घरं आहेत, त्यातलं तिचं एक. गावाच्या तलावात मासे धरायचे तर मच्छीमार सोसायटीच्या यादीत नाव लागतं. रामराव, तिचा नवरा, यादीत होता. दोन वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून गिरिजाबाई अर्ज करत होती, की रामरावाच्या जागी माझं नाव घ्या. मी पण मासेच धरते, दुसरं काय करते? सोसायटीचे चेअरमन काकासाहेब दर वेळी गोड बोलायचे. "बघू ना वहिनी. बायामाणसाचं नाव आजवर बसलं न्हाई यादीत. जरा दमानं."

मग वरून हुकूम आला, की खरे मासेमार कोण ते तपासा. ज्याच्यापाशी साधनं आहेत आणि जो स्वतः पाण्यात उतरतो त्याचंच नाव राहील. बाकीच्यांना तलावाच्या पाण्याला हात लावता येणार नाही. मत्स्य खात्याच्या साहेबांना गावापर्यंत यायला गाडी मिळाली नाही, म्हणून गावानंच आपापली साधनं घेऊन जालन्याला यायचं ठरलं. डोकं बघा! तलाव गावात आणि तपासणी जालन्यात, पंख्याखाली. तारखा दोन. दोन्हीला जो आला नाही, त्याचं नाव बाद.

पहिल्या तारखेला निम्मे पुरुष काकासाहेबांच्या पिकअपमधून गेले, उरलेले दुसऱ्या तारखेला जाणार होते. गिरिजाबाईला म्हणाले, जागा न्हाई वहिनी. ती बसनं निघाली आणि राजूरजवळ उतरवली गेली. एका ट्रॅक्टरवाल्यानं तिला पुढं नेलं. अडीच वाजता ती पोचली तेव्हा टेबल आवरलेलं होतं. कारकुनानं तिच्या देखत लिहिलं, गैरहजर.

"हजर हाय की मी. ही काय उभी!"

"वेळेत न्हाई, बाई. आता पुढच्या गुरुवारी. शेवटची तारीख हाय, ध्यानात ठेवा."

दुसरी कुणी असती तर बसस्टँडवर रडत बसली असती. गिरिजाबाई गोणी डोक्यावर घेऊन सरळ जुन्या जालन्यात शिरली. आठ दिवस होते हातात. पुढच्या गुरुवारी त्याच रस्त्यानं, बहुतेक त्याच कंडक्टरच्या गाडीत बसायचं होतं. सामान दुसऱ्या कशात तरी भरल्याशिवाय सुटका नव्हती.

पहिल्या दुकानदारानं पायरी चढू दिली नाही. दुसऱ्यानं नाकाला रुमाल लावला. तिसरं दुकान म्हणजे दुकान नव्हतंच, कापडवाल्यांच्या गल्लीत दोन भिंतींच्या मधल्या बोळीत एक शिलाई मशीन होतं आणि त्याच्यामागं अजमत बसायचा. बॅगांच्या चेन बदलणं, पट्टे लावणं, हे त्याचं काम. त्यानं मान वर न करताच विचारलं, "कौनसी मच्छी?"

"मरळ," गिरिजाबाई म्हणाली. पहिल्यांदा त्या दिवशी तिला बरं वाटलं.

"मरळ? फिर बसा की. उभ्या काय राह्यल्या?"

तिनं सगळं सांगितलं. अजमतनं एक शाळेची बॅग पुढं केली. गिरिजाबाईनं गळाचं टोक आतून दाबलं, ते कापडातून आरपार बाहेर आलं. "ही घेतली तर परत कुणाचा तरी पदर फाडीन मी." मग रेक्झिनची एक मोठी बॅग निघाली. तिनं चेन ओढून बघितली. "पाण्यात राहून गंजती ही. महिन्यात दात पडत्यात." तिसरी तिनं नुसती पाठीला लावली आणि गल्लीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तलावाच्या काठाला बसतात तशी उकिडवी बसली. बॅग मागं झुकली, ती पण झुकली. "पाण्यात नेऊन पाडती का काय?"

"बाई, तुम्ही बॅग घेऊन राह्यल्या का जावई बघून राह्यल्या?"

"जावई एवढा बघितला असता तर पोरगी सुखात असती."

अजमत हसला, उठला आणि बोळीच्या पार मागून एक चौकोनी धूड ओढत आणलं. मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोचवणारी पोरं पाठीवर घेतात ना, ती बॅग. एका पोरानं पट्टा शिवायला टाकली होती, मग ते काम सोडून पुण्याला निघून गेलं आणि बॅग वर्षभर तिथंच पडली होती. आतून चकचकीत चंदेरी अस्तर, बाहेरून काळी, जाड, बंद करायला वेल्क्रोची रुंद चिकटपट्टी. गिरिजाबाईनं त्याची पाण्याची बाटली उचलली, न विचारता सगळी बॅगेत ओतली आणि वाट बघत बसली. खाली एक थेंब आला नाही. गळ दाबला, टोक अडकलं. उकिडवी बसली. चारी कोपरे जमिनीला टेकले, बॅग खुर्चीसारखी पाठीला उभी राहिली.

"पण तळ्यावर वलं सामान घातलं तर पाणी आतच साचंल की. कुजंल सगळं."

अजमतनं डोकं खाजवलं. मग एका फुटक्या प्लास्टिकच्या कॅनचं तोंड बुचासकट कापून काढलं आणि बॅगेच्या तळाला बसवून चारी बाजूंनी शिवलं. गाडीत बूच बंद, तळ्यावर उघडं. वर न सांगता बाहेरून एक छोटा खिसा पण जोडायला घेतला.

"खिसा कशाला? मला काय मोबाईल ठेवायचाय?"

"राहू द्या. जाळं शिवायची सुई कुठं ठेवता? गोणीत तळाला सापडते का कधी?"

तिनं खिसा शिवू दिला. सुई खरंच कधी सापडायची नाही.

आता तिनं एक चूक केली, तीही सांगायलाच हवी. गाडीतलं हसू तिच्या डोक्यात इतकं बसलं होतं, की घरी येऊन तिनं सगळं सामान काढलं आणि धुतलं. गळ चुन्याच्या निवळीत उकळले, तंगूस साबणात तीनदा खळबळला, रीळ राखेनं घासले, दोन दिवस उन्हात ठेवले. मासेमाराचं सामान कुणी धुतं का? पाण्याच्या, माशाच्या, चिखलाच्या वासानंच तर ते कामाचं होतं. तिलाही ते ठाऊक होतं. पण तपासणी साहेबाची नाही, कंडक्टरची आहे, असंच तिला आठ दिवस वाटत राहिलं. बाहेरच्या खिशात गावातल्यांची जाळी शिवायची सुई आणि हिरव्या दोऱ्याची गुंडी टाकली, तेवढी मात्र धुवायची राहिली.

गुरुवारी तोच कंडक्टर. त्यानं ओळखलं.

"काय आहे बॅगेत?"

"सामान."

तो वाकला. नाक बॅगेपाशी नेलं, दोनदा हुंगलं. साबण. मागून एक पोरगं ओरडलं, "मावशी, माझी बिर्याणी आणली का?" परत गाडी हसली. पण हे हसू वेगळं होतं, आणि गिरिजाबाईनंही त्यात आपलं एक हसू घातलं. "तुझ्या आईनं कॅन्सल केली रे." कंडक्टरनं हाफ तिकीट फाडून दिलं. तिनं बॅग मांडीवर घेतली, जालना येईस्तोवर बुचावरचा हात काढला नाही.

अकराला ती कार्यालयाच्या व्हरांड्यात होती. रांग लागली होती. एकेक जण साहेबांपुढं जाळं पसरायचा, कारकून मोबाईलवर माणसाचा जाळ्यासकट फोटो काढायचा, सही व्हायची, माणूस मागच्या दारानं निघायचा. काकासाहेब साहेबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, चेअरमन ना ते.

तिची पाळी आली. तिनं बॅग उघडली, एकेक वस्तू टेबलावर मांडली. साहेबांनी एक गळ उचलला, उजेडात धरला.

"या गळाला मासा लागलाय का हो कधी?"

गिरिजाबाईनं टेबलावर नजर फिरवली. चकाकणारा गळ, पांढराशुभ्र तंगूस, चंदेरी अस्तर. तिला स्वतःलाच ते सामान दुकानातलं वाटलं.

"साहेब," काकासाहेब हळू आवाजात म्हणाले, दुखवट्याला बोलतात तसं, "रामरावदादाचं सामान आहे ते. आठवण म्हणून जपून ठेवलंय वहिनींनी. आमच्याकडं बायका मासे विकतात. धरत न्हाईत."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

बॅग उचलून काकासाहेबांच्या डोक्यात घालावी असं तिला वाटलं. मी असतो तर घातली असती. तिनं नुसती मान फिरवली, डोळ्यातलं पाणी त्यांना दिसू नये म्हणून. आणि तिला रांगेत मागं उभा असलेला गावातला कचरू दिसला. कचरूच्या हातातलं जाळं दिसलं. जाळ्याच्या कोपऱ्याला वितभर हिरवं ठिगळ होतं.

ते ठिगळ तिनं मघाशी पण बघितलं होतं. तिच्या पुढच्या माणसाच्या हातात. त्याच्याही पुढच्याच्या हातात. मागच्या दारानं बाहेर गेलेलं जाळं पुढच्या दारानं परत रांगेत येत होतं.

तिनं बॅगेचा बाहेरचा खिसा उघडला आणि हिरव्या दोऱ्याची गुंडी टेबलावर आपटली.

"लिहायच्या आधी फोटो बघा, साहेब. हेच जाळं तुमच्यापुढं कितव्यांदा आलंय मोजा."

"वहिनी, तोंड सांभाळा—"

"तुम्ही गप बसा, चेअरमन. बघा ना, साहेब. हिरवं ठिगळ बघा. पोळ्याच्या आधी मोठ्या मरळीनं फाडलं, मी शिवलं, ह्या दोऱ्यानं, ह्या सुईनं. गावात हिरवा दोरा दुसऱ्या कुणाकडं न्हाई."

कारकुनाचं बोट मोबाईलवर फिरू लागलं. एक फोटो. दुसरा. चार माणसं, चार वेगवेगळे शर्ट, ठिगळ एकच. साहेबांनी गुंडी हातात घेतली, नाकाशी नेली आणि चटकन लांब धरली. त्या गुंडीला मात्र साबण लागला नव्हता.

"जाळं कुणाचं आहे?"

कचरूकडं सगळ्यांनी बघितलं. कचरूचं घर काकासाहेबांच्या वाड्याला लागून, ऊसतोडीच्या टोळीचं काम पण त्यांच्याच हातात. त्यानं एकदा काकासाहेबांकडं पाहिलं, एकदा जाळ्याकडं.

"माझं हाय," तो म्हणाला. "चेअरमननी सगळ्यांना वापरायला दिलं. आन् शिवलं गिरजाकाकूनं. रोज सकाळी मी तळ्यावर जातो तवा काकू आधीच बसलेली असती. मी जाळं टाकायच्या आत तिच्याकडं दोन-तीन मासे असत्यात. खोटं कशाला बोलू?"

एवढंच बोलला. पण त्या बोलण्याला काय लागतं ते खेड्यात राहणाऱ्याला विचारा.

साहेबांनी टोपण परत लावलं. "सोमवारी मीच तलावावर येतो."

सोमवारी साहेब आले, उशिरा आले, पण आले. फोटोतले ते चौघे, ज्यांच्या नावावर वर्षानुवर्षं मासे धरले जात होते, इस्त्रीचे शर्ट घालून काठावर उभे राहिले, पाण्यात पाऊल टाकेना एकही. गिरिजाबाई बॅग पाठीला टेकवून उकिडवी बसली होती. तिनं साहेबांकडं बघितलंसुद्धा नाही. दोरीला ओढ लागली, तिनं एक हिसका दिला, रीळ फिरवत दोरी जवळ आणली आणि हातभर मरळ काठावर आपटली. मग बॅगेचं बूच उघडलं, पाणी सोडलं आणि म्हणाली, "ह्या गळाला लागला बघा, साहेब."

यादी लागली. त्यात तिचं नाव आहे. ते चौघे नाहीत. कचरूला यंदा टोळीत घेतलं नाही, तो तिच्यासोबत तलावावर बसतो. काकासाहेब अजून चेअरमन आहेत आणि अजून गोड बोलतात.

गिरिजाबाई आठवड्यातून दोनदा भोकरदनला मासे घेऊन येते, त्याच बसनं, त्याच बॅगेतून. आता सामान धूत नाही. बूच घट्ट लावते, चिकटपट्टी दाबून बसवते, तरी थोडा वास येतोच. कष्टाच्या माणसाला कुठला ना कुठला वास असतोच. तुमच्या शेजारची सीट रिकामी असली आणि पाठीवर चौकोनी काळी बॅग घेतलेली बाई गाडीत चढली, तर रुमाल काढू नका, आत काय आहे ते विचारू नका. जरा सरका, आणि तिला बसू द्या.